आनंदीबाईची हरकत

भाई धुरींनी आनंदीबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तरीवर, मुंबईची नोकरी संपवून ते गावी परतले त्या दिवशी. साल सत्तावन्न असावं. खाजणे गावाला तेव्हा रस्ता नव्हता. मालवणकडून येणारा माणूस खाडीच्या पलीकडे उभा राहून हाक मारायचा आणि होडी येईपर्यंत खारं वारं खात बसायचा. होडी अलीकडे जिथे लागायची त्या जागेला सगळे तर म्हणत. तरीला लागूनच आनंदीबाई तारीचं घर होतं आणि घराच्या पडवीत तिचं चहाचं दुकान.

भाई बाकावर बसले. ट्रंक पायाशी होती. आनंदीबाईने कपबशी पुढे केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, "तो नाय गो, दुसरो."

भाई चमकले. ते काही बोललेच नव्हते.

"उंच. गोरो. केस पिकलेले. टरंक आसा वांगडा," ती पुढे म्हणाली, अजून त्यांच्याकडेच पाहत, जणू भिंतीवरच्या तसबिरीचं वर्णन करते आहे. "बोटां काळी आसत."

मग आतल्या अंधाऱ्या खोलीतून बारीक आवाज आला. "धुऱ्यांचो गंगाराम काय गो तो? छापखान्यात होतो ना?"

भाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मुंबईतल्या एका छापखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं खिळे जुळवले होते. शाई नखांच्या कडेला इतकी मुरली होती की त्यांना स्वतःला ती आता दिसतही नसे. ह्या बाईला ती कपबशी देता देता दिसली, आणि आत बसलेल्या कोणाला तरी तेवढ्यावरून त्यांचं नाव सांगता आलं.

आत होती ती काशीबाई, आनंदीबाईची सासू. मोतीबिंदूने तिची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा विठोबा मचव्यावर खलाशी होता. मंगळूरच्या बंदरात तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. घरात ह्या दोघीच राहिल्या. म्हातारी आत खाटेवर बसायची आणि सून पडवीत चहा करायची. तरीवर जो कोणी उतरेल त्याचं वर्णन सून आत पोचवायची, त्याच्या तोंडावर, दोन-चार शब्दांत. गावकऱ्यांना सवय झाली होती. नवखा माणूस मात्र भांबावून जायचा. एकदा जवळच्या कट्टा गावचा एक व्यापारी चहा अर्धा टाकून उठून गेला म्हणे, कारण आनंदीबाईने आत सांगितलं होतं, "नवे कपडे, पण मागून घेतलेले दिसतत." त्यानंतर ती थोडी सांभाळून बोलू लागली, म्हणजे आवाज खाली आणून तेच सांगू लागली.

भाईंना तिचं कुतूहल वाटायला लागलं ते त्या पहिल्या दिवसापासून. रोज संध्याकाळी ते तरीवर जाऊन बसू लागले. एका वेळी दोघांशी बोलणारी बाई कोणाशी काय बोलते, कुठलं वाक्य बाहेरचं आणि कुठलं आतलं, हे ओळखण्याचा त्यांना छंदच लागला. कधी कधी चूक व्हायची. "निजाची येळ झाली," असं ती म्हणाली की भाई उठायला लागायचे.

दोनेक वर्षांनी ग्रामपंचायत झाली आणि मुंबई पाहिलेला, लिहिता-वाचता, रिकामा माणूस म्हणून लोकांनी भाईंना सरपंच केलं. त्याच सुमाराला कट्ट्याकडून नवा रस्ता गावाच्या वरच्या अंगाला, माळापर्यंत आला. मागोमाग एस.टी. आली. माळावर एका किराणेवाल्याने माडाच्या झापांचं छप्पर घातलं, त्याच्या पाठोपाठ एक शिंपी बसला, मग सायकलवाला. भिकाजी गावडे ब्राह्मणवाडीच्या मध्यावर भाताची गिरण घालायचं बोलू लागला. मुंबईच्या चाकरमान्यांची पत्रं येऊ लागली, की आम्हाला घर बांधायला जागा द्या, आमच्या भावांची घरं आता पुरत नाहीत.

भाईंना हे सगळं बघून जुना छापखाना आठवला. छापखान्यात प्रत्येक अक्षराचा एक खण असतो. खिळा चुकीच्या खणात पडला की पुढे कधीतरी कोणाच्या लग्नपत्रिकेत तो वर येतोच. आणि आणखी एक गोष्ट होती, ती ते सहसा बोलत नसत. मुंबईत त्यांची खोली एका खानावळीच्या भट्टीवर होती. पंचवीस वर्षं धूर, कढईचा आवाज आणि पहाटेपासून भांड्यांचा खणखणाट. गावी परतल्यावर पहिले काही दिवस त्यांना शांततेमुळे झोप लागत नव्हती, मग अशी लागली की त्यांनी मनाशी ठरवलं, माणसाने जिथे धंदा करावा तिथे झोपू नये.

म्हणून पंचायतीने जो आराखडा केला तो असा होता. माळावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजार, तिथे फक्त दुकानं, घरची चूल नाही आणि मुक्काम नाही. गिरण बाजाराच्या टोकाला. गावठाण वाढवून घरांसाठी जागा खालच्या बाजूला, तरीपासून शाळेपर्यंत, आणि तिथे घरं सोडून काही नाही. पंचायतीच्या बैठकीत कोणी फारसं विरोधात बोललं नाही. भिकाजी तेवढा कुरकुरला.

आनंदीबाईचं घर घरांच्या बाजूला गेलं होतं.

ती भाईंकडे आली ती दुपारची, पदराने तोंड पुसत. चावडीवर नोटीस लागली होती. तालुक्याहून सर्कल इन्स्पेक्टर येणार, शाळेत बसणार आणि ज्याची हरकत असेल त्याची ऐकून घेणार.

"भाई," ती म्हणाली, "हरकत कशी सांगतत ता माका शिकवा. सायबासमोर आमचा बोलणा चलाचा नाय."

"कोणावर हरकत, वहिनी?"

"तुमच्यार."

भाईंना हसू आलं, पण ते दाबून त्यांनी तिला खरंच शिकवलं. छापखान्यात त्यांनी कितीतरी वेळा स्वतःला न पटणारा मजकूर बिनचूक जुळवून दिला होता. तिची अडचण त्यांना कळत होती. काशीबाईला घरातल्या भिंती हाताने ठाऊक होत्या. उंबरे कुठे, पाण्याची कळशी कुठे, मागल्या दारी किती पावलं, सगळं ठाऊक. तिला तिथून हलवणं शक्य नाही, आणि तिला एकटी ठेवून अर्ध्या मैलावर माळावर दिवसभर बसणंही शक्य नाही. दुकान घरात राहिलं तर दोघी जगणार. भाईंना हे कळत होतं, आणि एका घरासाठी नियम मोडला की शेजारचा सोड्याच्या बाटल्या ठेवणार, त्याच्या शेजारचा विड्या, हेही कळत होतं. त्यांनी तिच्याकडून वाक्य पाठ करून घेतलं. साहेब, माझी सासू आंधळी आहे, तिला सोडून मला दुकानात जाता येत नाही, म्हणून माझं दुकान माझ्या घरातच राहू द्यावं.

आठवडाभर तरीवर चहा पिणाऱ्यांना चहाबरोबर ते वाक्यही ऐकावं लागलं. तसे चहा पिणारेही आता थोडेच उरले होते. मालवणची माणसं एस.टी.ने वरून येऊ लागली होती. गुणाजी होडीवाला दिवसातून दोन-तीन फेऱ्या मारायचा आणि उरलेला वेळ आनंदीबाईच्या बाकावर खोकत बसायचा. आतून म्हातारी विचारायची, "कोण इलो गो?" आणि बहुतेक वेळा उत्तर एकच असायचं, "गुणाजी, आये."

आता खाजण्याची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. काही वर्षांनी एकदा, भातकापणी आटोपली की देवळात देवाला कौल लावतात. देवाने उजवा, होकाराचा कौल दिला की गाव पळतो. म्हणजे सगळा गाव घरंदारं बंद करून शिवेबाहेर जातो आणि झापांच्या खोपटांत तीन दिवस राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी. म्हातारं, आजारी, बाळंतीण, कोणाला सूट नाही. त्या दिवसांत गावात दिवा लागत नाही की चूल पेटत नाही. मग पुन्हा कौल घेऊन सगळे घरी येतात.

भाईंची चूक झाली ती इथे. सर्कलची तारीख त्यांनी स्वतः मागून घेतली होती, आणि ती घेताना देवाला अजून विचारायचं आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मुंबईत राहिलेला माणूस. कौल लागला, गावपळण ठरली, गडबडीत सगळे झाप विणायला लागले. सर्कलची आठवण कोणालाच झाली नाही, भाईंनाही नाही, कारण भाईंच्या डोक्यात एक वेगळीच कल्पना आली होती.

शिवेबाहेर मोकळं रान होतं आणि मधून एक व्हाळ वाहत होता, गुडघाभर पाण्याचा. भाईंनी ठरवलं, आराखड्याची इथेच चाचणी घ्यायची. व्हाळाच्या अलीकडे राहण्याची खोपटं आणि पलीकडे दुकानं. त्यांनी राख टाकून रेषासुद्धा आखल्या. लोकांनी ऐकलं, कारण भाई चांगले होते आणि तीन दिवसांचाच प्रश्न होता.

काशीबाईला चौघांनी खाटेसकट उचलून आणलं. ती घराबाहेर पडली त्याला मागच्या गावपळणीपासूनची वर्षं झाली होती. वाटेत तिने खाटेच्या काठाला दोन्ही हात घट्ट धरले होते आणि डोळे मिटून घेतले होते. त्यांचा तिला काही उपयोग नव्हता, तरी मिटले होते. अलीकडच्या एका खोपटात तिची खाट ठेवली. आनंदीबाईची चूल पलीकडे.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ते चाललं. "आनंदी गो, कोण इलो?" अशी हाक व्हाळावरून जायची आणि पलीकडून उत्तर यायचं. रानातलं वारं उलटं असलं की आनंदीबाई पाण्यात उतरून सांगून यायची. चहा उतू गेला. दूध करपलं. शेवटी गुणाजी उठला आणि म्हणाला, "म्हातारेक हंय हाडा, नायतर भाईंका व्हाळ पलीकडे सारूक सांगा." माणसं हसली. दोघांनी खाट उचलली आणि पाण्यातून पलीकडे, चुलीजवळ नेऊन ठेवली. भाई आपल्या राखेच्या रेषेवर उभे राहून बघत होते, आणि त्यांना आडवं जायचं काही सुचलं नाही.

संध्याकाळपर्यंत अर्धा गाव त्या खाटेभोवती होता. चुलीपाशी ऊब होती आणि चहा होता, हे कारण असेल. पण म्हातारी बोलत होती हेही होतं. आवाजावरून ती माणसं ओळखत होती, चुकत होती, चुकल्यावर स्वतःच हसत होती. पार्वतीच्या सुनेला तिने पार्वतीच समजून तिच्या लग्नातली एक गोष्ट सांगितली, ती सुनेने कान देऊन पूर्ण ऐकली. घरातल्या खाटेवरची काशीबाई भाईंना बारीक आवाजापुरतीच ठाऊक होती. इथे तिचा आवाज मोठा होता. आनंदीबाईला दिवसभर कोणाचं वर्णन सांगावं लागलं नाही. ती एक-दोनदा सवयीने सांगायला गेली, तर म्हातारी म्हणाली, "ऱ्हवंदे, तो माझ्या पायाशीच बसलोसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पायरीवर एक माणूस बसलेला दिसला.

शाळा शिवेला लागूनच होती, व्हाळावरून दिसायची. छत्री, कातडी पिशवी, डोक्याला रुमाल. भाईंना सुनावणीची तारीख आठवली. सर्कल माळावर गाडीतून उतरून, बंद दारांच्या मधून, एकही कुत्रं भुंकत नसलेल्या गावातून चालत आला होता आणि आता घाबरून पायरीवर बसला होता. त्याला वाटलं होतं की साथ येऊन गाव गेला.

भाई शिवेच्या धोंड्यापर्यंत धावले आणि तिथेच थांबले. पुढे पाऊल टाकता येत नव्हतं.

"साहेब, इकडे या," त्यांनी ओरडून सांगितलं.

"तुम्ही इकडे या. सुनावणी शाळेत आहे."

"आम्हाला येता येत नाही."

"का?"

"देवाने बाहेर काढलंय."

सर्कल घाटावरचा होता. त्याला समजून घ्यायला वेळ लागला, पण एकट्याने त्या गावात बसण्यापेक्षा माणसांत जाणं त्याला बरं वाटलं असावं. तो आला. आनंदीबाईने चहा दिला, आणि काशीबाईने विचारलं तशी सांगितलं, "सरकारी सायब. बुटको. चष्मो आसा. रागान तापलोसा, पण बशी दोनव हातांनी धरल्यान."

सर्कलला मालवणी अर्धीच कळली, पण ती आपल्याबद्दल आहे हे कळलं. त्याने बशीवरचा एक हात काढून घेतला. म्हातारीने त्याला त्याची आई कुठे असते ते विचारलं. ती साताऱ्याकडच्या एका खेड्यात एकटी राहते हे कळल्यावर तिला कोण पाणी देतं, तिच्याशी कोण बोलतं, हेही विचारलं. सर्कल उत्तरं देत गेला. राग कुठे गेला ते भाईंना दिसलंच नाही.

सुनावणी तिथेच झाली. पंचायतीचे पाचही जण होतेच. भिकाजीने गिरणीबद्दलची हरकत तावातावाने सांगितली आणि ब्राह्मणवाडीच्या बायकांनी तितक्याच तावातावाने ती खोडली. दोघा-तिघांनी घराच्या जागेची मागणी केली. मग आनंदीबाई उठली. तिने हात पदराला पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि भाईंकडे न पाहता सुरुवात केली.

"साहेब, माझी हरकत आहे. माझी सासू आंधळी आहे. तिला सोडून मला..."

"कोणी सांगल्यान तुका?" खाटेवरून आवाज आला.

आनंदीबाई थांबली.

"माका माळार न्हे," काशीबाई म्हणाली. "तरीर आता कोण येता? गुणाजी येता, तोव खोकत. कालपासून मी माणसांत बसलंय."

"आये, घर सोडून तुका चलात? थंय उंबरो खंय ता तुका कळाचा नाय."

"घरचो उंबरो तरी माका दिसता खंय? ठेचच लागता."

कोणी हसलं नाही. आनंदीबाईच्या चेहऱ्याकडे भाई बघत होते. इतके दिवस जिच्यासाठी म्हणून ती घर धरून बसली होती, तिला ते घर नको होतं. ती रागावली असावी, किंवा दुखावली. नक्की काय ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. दुसऱ्यांना दोन शब्दांत पकडणारी बाई स्वतः कशी दिसते हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

"थंय रवाक गावाचा नाय, आये," ती हळूच म्हणाली. "भाईंनी दुकानापुरतीच जागा केल्यानी."

"मगे भाईंका सांग."

सगळे भाईंकडे बघू लागले. भाईंना मुंबईची खोली आठवली. भिंतीवर चढलेली काजळी आणि पहाटेची भांडी. ते खाटेजवळ जाऊन बसले.

"काशीबाई, थंय दिवसभर गाडयेचो आवाज येतलो. धुरळो, माणसांची आरड. झोप लागाची नाय तुमका."

"येवंदे आवाज," ती म्हणाली. "कोण येता, कोण जाता ता तरी कळात."

असाच आवाज पंचवीस वर्षं भाईंनी शिव्या देत ऐकला होता. तो कोणाला हवा असेल हे त्यांच्या कुठल्याच खणात बसत नव्हतं. मग त्यांनी वर पाहिलं. आनंदीबाई अजून उभीच होती. तिने पुन्हा, स्पष्ट, शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "साहेब, माझी हरकत आहे." आणि पुढचं वाक्य तिला येत नव्हतं, कारण ते कोणी शिकवलंच नव्हतं. ती भाईंकडे बघायला लागली.

"बाजारात दुकानामागे राहू द्यावं, असं म्हणा," भाई म्हणाले.

तिने तसं म्हटलं. सर्कलने चष्मा पुसला आणि सरपंचांना विचारलं की ही हरकत नेमकी कोणाची समजायची. भाई म्हणाले, वहिनींची.

परत आल्यावर पंचायतीने ठराव बदलला. बाजारात दुकानामागे एक खोली राहायला चालेल, असा. त्या एका ओळीबद्दल भाईंना पुढे बरंच ऐकावं लागलं, की सगळा बाजार आता चाळ होणार. तसं झालं नाही. माळावर दुकानं वाढली, शिंप्याची दोन झाली, गिरण आली, सायकलवाल्याने पंपही आणला. पण संध्याकाळची शेवटची गाडी आली की जो तो दुकानाला कुलूप घालून खाली आपापल्या वाडीत जायचा. परवानगी असूनही कोणी तिथे राहिलं नाही.

काशीबाईला माळावर पहिले दिवस त्रास झाला. ती दोनदा पडली, एकदा कपाळ फुटलं, आणि भाईंना आपणच चुकलो असं वाटत राहिलं. मग तिने नवी खोली हातांनी शिकून घेतली. वस्तीची गाडी रात्री मुक्कामाला यायची. तिचा ड्रायव्हर आणि कंडक्टर पडवीत झोपायचे आणि निजण्याआधी म्हातारीला आज कोण कुठे उतरलं ते सांगायचे. आनंदीबाई दिवसा पूर्वीसारखीच येणाऱ्यांची वर्णनं करायची. आता तिला ती भराभर करावी लागत, कारण एका गाडीतून वीस माणसं उतरायची. "एक, दोन, तीन परुळ्याचे. एक न्हवरो दिसता. मागसून तेची सासू, सामान घेवन," असं. भाई संध्याकाळी तिथे जायचे. चढण त्यांना झेपायची नाही, तरी जायचे. एंजिनाचा आवाज सुरू झाला की कपाळाला आठी घालायचे आणि दुसरा चहा मागायचे.

पासष्टच्या श्रावणात काशीबाई गेली. दुपारची गाडी उभी होती. तिने "कोण इलो गो?" विचारलं होतं, आणि आनंदीबाई सांगत होती.

लोकांना वाटलं, आता आनंदीबाई तरीवर घरी परत जाईल. घर रिकामं होतं आणि चांगलं होतं. ती गेली नाही. तिने ते गुणाजीच्या मुलाला राहायला दिलं. आज खाजण्याच्या बाजारात बारा-तेरा दुकानं आहेत. आनंदीबाई आपल्या दुकानामागच्या खोलीत राहते. त्या बाजारात मुक्काम असलेलं घर अजून तिचं एकटीचंच आहे.